दहा ओळींत न मावणारे हॅनकॉक

दहा सह्या जमवायला किती वेळ लागतो, असं मला कुणी डिसेंबरात विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, एक दुपार. कॉफी धरली तर दीड.

हा अंदाज मी हवेत बांधला नव्हता. डनबरो गावात माझं चष्म्याचं दुकान आहे. गावात मतदार नऊशे एकेचाळीस, त्यांतल्या सहाशे बारा जणांच्या डोळ्यांचे नंबर माझ्याकडे कार्डांवर लिहिलेले आहेत. उरलेले एकतर तरुण आहेत नाहीतर हट्टी. ज्या सहाशे बारांना मी जग दाखवलं, त्यांतल्या दहांनी माझ्यासाठी कागदावर आपलं नाव लिहायला हरकत नसावी, असं मला वाटलं. माणूस धंद्यात तीस वर्षं काढतो आणि तरी त्याला असं वाटतं.

काम साधं होतं. आमची टॅनर गल्ली पाच घरांची. गावाची बर्फ ढकलणारी गाडी गल्लीत येत नाही, कारण दप्तरी आमची गल्ली खाजगी आहे. कुणाची खाजगी, ते कुणालाच माहीत नाही. ज्या टॅनरची ती होती तो शंभर वर्षांपूर्वी वारला आणि जाताना त्याने बर्फाबद्दल काही लिहून ठेवलं नाही. गाडी येत नाही एवढंच असतं तर सोसलं असतं. ती मोठ्या रस्त्याचं सगळं बर्फ ढकलत आणते आणि आमच्या तोंडाशी टाकून जाते. म्हणजे कर आम्ही भरायचा आणि गावाने आम्हाला बर्फ द्यायचं.

गल्लीच्या शेवटच्या घरात मिस थर्झा बोर्न राहतात. वय एकोणऐंशी, लग्न केलं नाही, चाळीस वर्षं गावच्या टेलिफोनवर बसून सगळ्यांची लग्नं, भांडणं आणि दुखणी जोडून दिली. गेल्या हिवाळ्यात त्या पायरीवर घसरल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, पुढे चार फूट बर्फ. शेवटी आम्ही कोठाराचं दार बिजागरीतून काढलं आणि त्यावर बाईंना घालून नेलं. पायाकडची बाजू माझ्याकडे होती. मी दोनदा पडलो. दुसऱ्या वेळी दारावरून आवाज आला, "विन्स्लो, मोडायचं ते माझं मोडलंय. तू उगाच बरोबरी करू नकोस."

त्यांचा भाचा फ्लोरिडाला असतो. दोन जानेवारीला त्याचं पत्र आलं. गाव तुझ्या दारापर्यंत बर्फ काढणार असेल तर राहा. मार्चच्या गावसभेच्या यादीत हा विषय छापून आला, तर मी मतदानापर्यंत थांबेन. नाही आला, तर फेब्रुवारीत गाडी घेऊन येतो आणि तुला घेऊन जातो. घराचं गिऱ्हाईक त्याने बघूनही ठेवलं होतं.

पत्र मीच वाचून दाखवलं. थर्झाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याला लिही, मला संत्र्यांच्या बागेत मरायचं नाही. इथे निदान गारठ्यात माणूस टिकतं."

आम्ही गेली अकरा वर्षं दर गुरुवारी क्रिबेज खेळतो. पत्त्यांचाच डाव, फक्त गुण लाकडी फळीवर खुंट्या सरकवून मोजायचे. अकरा वर्षांत मी त्यांना सदतीस वेळा हरवलंय. त्यांनी मला किती वेळा हरवलं, त्याची नोंद मी ठेवत नाही. तेव्हा बाईंचं जाणं मला परवडणारं नव्हतं. सदतीसाचे चाळीस व्हायचे होते.

गावसभेच्या यादीत विषय घालायचा तर दहा मतदारांच्या सह्या लागतात. शेवटची मुदत शुक्रवार, तीस जानेवारी, दुपारी चार. मी मंगळवारी वीस तारखेला गावकारकून आर्डिथ पेल यांच्याकडे गेलो. या बाईंनी एकदा स्वतःच्या नवऱ्याचा कुत्र्याचा परवाना परत पाठवला होता, कारण त्याने कुत्र्याचा रंग 'साधारण तपकिरी' असा लिहिला होता. त्यांनी मला दहा ओळींचा कागद दिला.

"मतदार यादीत जसं नाव आहे तसं. शाईने. एका ओळीत एक माणूस," त्या म्हणाल्या.

"आणखी काही?"

"विचाराल तर सांगेन."

मी विचारलं नाही. हे वाक्य मला पुढे दहा दिवस पुरलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मुलखात सही मागताना कुणी सही मागत नाही. बँकेतली मुलगी असो की पार्सलवाला, "तुमचा जॉन हॅनकॉक टाका इथे" असंच म्हणतो. दोनशे वर्षांपूर्वी, इंग्लंडच्या राजाला झुगारणाऱ्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर या गृहस्थाने सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठी सही केली, तेव्हापासून आम्हा सगळ्यांच्या सह्या त्याच्या नावावर जमा आहेत. एरवी त्याचा कुणाला त्रास नाही. पण साल होतं एकोणीसशे शहात्तर. देशाला दोनशे वर्षं होत होती आणि सगळं गाव त्या काळच्या तीन कोनांच्या टोप्या घालून हिंडत होतं. माझा न्हावी टोपी घालून दाढ्या करत होता. अशा वर्षी कागद घेऊन सह्या मागत फिरणं म्हणजे होळीच्या दिवशी पांढरे कपडे घालून बाहेर पडण्यासारखं, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

पहिली सही वजनदार माणसाची हवी म्हणून मी लेम्युएल स्प्रेगच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. जुलैतल्या गावच्या नाटकात हॅनकॉकचं काम त्याच्याकडे होतं. नोव्हेंबरपासून तालीम चालू होती. बँकेने त्याला लिहिलं होतं की तुमची सही आता जुळत नाही. त्या पत्राच्या पोचेवरही त्याने तशीच सही करून पाठवली होती.

"थर्झासाठी? अरे, दे इकडे!" लेम्युएल म्हणाला. त्याने खिळ्यांची पेटी बाजूला सारली, बाह्या वर केल्या आणि गिऱ्हाइकांकडे बघून, सही करताना हॅनकॉक जे म्हणाला म्हणतात ते आवाज लावून म्हटलं, "इंग्लंडच्या राजाला चष्मा न लावता वाचता आली पाहिजे!"

एक तर हे वाक्य माझ्या धंद्याच्या मुळावर येणारं आहे. पण त्याहून वाईट म्हणजे त्याने ते अमलात आणलं. 'लेम्युएल' पहिल्या ओळीपासून तिसरीपर्यंत उतरला, 'स्प्रेग' पाचवीपर्यंत, आणि खाली त्याने जी वळणांची शेपटी काढली ती आठव्या ओळीत जाऊन विसावली.

"कशी आहे?"

"लेम, मला अजून नऊ माणसं बसवायचीत."

"बसतील की! कडेला जागा आहे."

गुरुवारी मी कागद घेऊन आर्डिथबाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी पट्टी काढली आणि सही मोजली.

"आठ ओळी एक माणूस. उरल्या दोन ओळी. म्हणजे जास्तीत जास्त तीन माणसं. तुम्हाला दहा हवेत."

"शेपटी सहीत धरायची का?"

"शेपटी कुणाची आहे? त्यांचीच ना? मग?"

त्यांनी दुसरा कागद दिला.

मी शहाणा झालो आणि गर्दीत जायचं ठरवलं. रविवारी चर्चनंतर खालच्या दालनात कॉफी आणि डोनट असतात; तिथे मतदार आयते मिळतात आणि त्यांचे हात चिकट असले तरी मोकळे असतात. माझी बायको अ‍ॅडी म्हणाली, "तू जा, पण लेम्युएलला आधी कागद दाखवू नकोस." मी दाखवला नाही. त्याला तो दुरून दिसला. त्याला ते अंतर दिसतं, कारण चष्मा मीच दिलाय.

"मंडळी!" तो खुर्चीवर चढून ओरडला. "थर्झा बोर्नसाठी! हॅनकॉकसारख्या सह्या करा!"

पुढच्या पाच मिनिटांत लेम्युएल धरून चार जणांनी तो कागद संपवला. आमच्या गल्लीतल्या डॉर नवरा-बायकोंत तर चढाओढ लागली. नवऱ्याने केवढी केली ते बघून बायकोने त्याच्या वरताण केली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चाळीस वर्षं मी याच्या सहीखाली सही करतेय. आज नाही." पाद्रीबाबांनी नाव लिहून खाली एक घंटा काढली.

तेवढ्यात ओटिस फेन पुढे आले. हे आमचे इतिहासाचे निवृत्त मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय आणि पूर्ण गाव चुकीचं शिकलंय, असं त्यांचं मत आहे.

"खाली उतर, स्प्रेग. चष्म्याची गोष्ट थाप आहे," मास्तर म्हणाले. "राजाचं नावही त्याने काढलं नव्हतं. कुणीतरी मागाहून रचलेली गोष्ट आहे ती."

"मग एवढी मोठी सही का केली त्याने?"

"कारण तो सभेचा अध्यक्ष होता. अध्यक्षाने पहिली सही करायची, ती मधोमध करायची. समोर सगळा कागद मोकळा. मागून किती जण येणार, किती टाळणार, त्याला काय माहीत? त्याची सही एरवीही ऐसपैसच असायची. पुढच्या पंचावन्न जणांना मात्र दाटीवाटीने बसावं लागलं, म्हणून ती आणखीच मोठी दिसते. पहिला माणूस नेहमी जागा खातो." इथे त्यांनी लेम्युएलकडे पाहिलं. "मोठेपणा म्हणतोस तो हा."

"माझी आजी सांगायची, आम्ही त्याच्याच वंशातले," लेम्युएल म्हणाला.

"त्याची दोन्ही मुलं लहानपणीच गेली. तुझी आजी कोणत्या वंशातली होती ते मला माहीत आहे, पण आज रविवार आहे."

मी त्या क्षणी मास्तरांच्या प्रेमात पडलो आणि त्यांच्यापुढे कागद धरला. कोपऱ्यात बोटभर जागा उरली होती. मास्तरांनी निषेध म्हणून तिथे मोहरीएवढी सही केली. माझ्या भिंगाखाली ती मला मेलेल्या मुंगीसारखी दिसली.

सोमवारी आर्डिथबाईंनी विचारलं, "हे काय आहे?"

"ओटिस फेन."

"यादीत 'ओटिस अँब्रोज फेन' आहे. इथे मला एक डाग दिसतोय. आणि ही घंटा कोण?"

तिसरा कागद घेऊन बाहेर पडताना मी पायरीवर उभा राहून स्वतःशी हिशोब केला. दोन कागद, पाच माणसं, दोन घसे बसलेले, मान्य सह्या शून्य. घरी परतून भाच्याला लिहावं की प्रयत्न केला, असं एकदा मनात आलं. मग मला ते कोठाराचं दार आठवलं. पुढच्या वेळी डोक्याकडची बाजू माझ्याकडे आली तर?

मंगळवार-बुधवार मी दुकान बंद ठेवून दारोदार फिरलो. बरोबर पुठ्ठा नेला होता. त्यात एका ओळीएवढी खाच कापलेली. कागदावर पुठ्ठा ठेवायचा, खाचेतून सही घ्यायची. हॅनकॉक गजाआड घातला म्हणा ना. आमच्याकडे माणूस उभ्या उभ्या सही करत नाही. त्याला बसवावं लागतं, मग तो तुम्हाला बसवतो, मग कॉफी होते, मग तो अर्जात एक दुरुस्ती सुचवतो. मिसेस डॉरना गल्लीत दिवाही हवा होता. पाद्रीबाबांना घंटेसाठी खाच मोठी हवी होती. लेम्युएलने खाचेत सही केली आणि पेन ठेवताना म्हणाला, "विन्स्लो, कलाकाराला असं करू नये."

मास्तरांनी तिन्ही नावं पूर्ण लिहिली आणि खाली बघून म्हणाले, "अक्षर सुधारलंय माझं."

थर्झाबाईंकडे मी दोनदा गेलो. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "माझ्याच दारातलं बर्फ काढा म्हणून मीच सही करू? भिकेला लागले नाही मी." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "हात भरलेत पिठाने." हात भरलेले नव्हते. पण आमच्याकडे बाई म्हणाली पीठ आहे, तर पीठ असतं.

त्यांच्यावाचूनही, मी आणि अ‍ॅडी धरून, दहा भरले. दहावा पियानोचे सूर लावणारा गृहस्थ, मास्तरांच्या घरी सापडला. गुरुवारी बर्फ पडायला लागलं तेव्हा मी कागद आर्डिथबाईंच्या टेबलावर ठेवून आलो आणि त्या संध्याकाळी क्रिबेजमध्ये हरूनही मला आनंद झाला.

शुक्रवारी सकाळी गल्ली दिसत नव्हती. एक वाजता टेलिफोन वाजला.

"नऊ," आर्डिथबाई म्हणाल्या.

"काय नऊ?"

"मान्य सह्या. पियानोवाला पलीकडच्या गावात मतदान करतो. आपल्याकडे फक्त सूर लावायला येतो."

"तीन तास आहेत. तुम्ही करा ना दहावी! तुम्हीही मतदारच आहात."

"जो कागद मी तपासते त्यावर मी सही करत नाही." आणि थोडं थांबून, "रस्ते बंद आहेत, दुकानं बंद आहेत. तुमच्या गल्लीत सही न केलेला एक मतदार अजून आहे, यादीत मला दिसतोय."

अ‍ॅडीने मला मफलर गुंडाळला. "आज पीठ चालणार नाही म्हणावं."

मी थर्झाबाईंच्या घरापर्यंत पोहोचलो तेव्हा गुडघ्यांच्या खाली मला काही असल्याची खात्री नव्हती. अर्जाचा मजकूर वर उतरवलेला दुसरा कागद टेबलावर ठेवला, पुठ्ठा ठेवला, पेन त्यांच्या हातात दिलं.

"बाई, नऊ झाल्यात. दहावी तुमची. नाही केलीत तर पंधरवड्यात संत्र्यांच्या बागेत."

त्यांनी पेन टेकवलं आणि लिहायला सुरुवात केली. 'थर्झा' पूर्ण झालं. सुरेख, वळणदार झालं. पण कागदापासून वीतभर लांब, टेबलावरच्या मेणकापडावर झालं.

गावातल्या सहाशे बारा डोळ्यांच्या जोड्या मला पाठ, आणि अकरा वर्षं दर गुरुवारी समोर बसणारी ही बाई पत्ते नाकाशी नेऊन तिरकं बघते, ते मला वाटायचं माझ्यापासून लपवते म्हणून. पत्र मी वाचून दाखवतो, ते मला वाटायचं माझा आवाज आवडतो म्हणून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कडेचं दिसतं. मधलं गेलंय. दोन वर्षं झाली." त्यांनी पेन खाली ठेवलं. "भाच्याला कळलं तर तो मार्चपर्यंत थांबणार नाही. आणि तुला सांगितलं असतं तर तू मला पत्ते वाचून दाखवले असतेस. मला दयेने जिंकायचं नव्हतं."

"तुम्ही न बघता मला हरवत होता?"

"तुला हरवायला डोळे कशाला लागतात, विन्स्लो?"

मी टेलिफोन उचलला.

"आर्डिथबाई, एक विचारतो. दहावी सही वेगळ्या कागदावर असली तर? आणि ओळीत नसली तर?"

"ओळी मला मोजायला सोपं जावं म्हणून. अर्जाचा मजकूर वर असला की झालं. दहा माणसांचे दहा कागद असले तरी चालतात. नाव वाचता यायला हवं आणि पुढचं नाव झाकायला नको."

"दहा कागद चालतात?" माझा आवाज फाटला. "मग मी दहा दिवस पुठ्ठे कापत हिंडतोय, ते मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मी पुठ्ठा चुलीत घातला. मजकुराखाली अख्खा कागद मोकळा होता. बाईंचा हात धरून त्यावर ठेवला आणि हात काढून घेतला. त्यांनी कडेच्या नजरेने कागदाची टोकं तेवढी हेरली आणि लिहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अक्षरन् अक्षर अंगठ्याएवढं: थर्झा लुईझा बोर्न.

"कोट दे माझा," त्या म्हणाल्या. "मी येते. ही सही बघून आर्डिथ शंका काढणार, आणि तू तिथे फक्त ततपप करशील."

"त्या कंबरेने?"

"कंबर माझी आहे. ओढायचं तुला आहे."

डॉरांच्या नातवंडांची घसरगाडी घेतली. बाई तीवर बसल्या, गुडघ्यांवर गोधडी, छातीशी कागद. पुढून मी ओढत होतो, मागून अ‍ॅडी आणि मिस्टर डॉर ढकलत होते. गल्लीच्या तोंडाशी गावाची भेट होतीच, छातीएवढी. आम्ही घसरगाडी वरून पार केली. मी एकदाच पडलो. तीन वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही गावकचेरीत शिरलो आणि थर्झाबाई दारालगतच्या कोट टांगायच्या खुंटाळ्याकडे वळून म्हणाल्या, "नमस्कार, आर्डिथ."

टेबलामागे आर्डिथबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी खुंटाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टेबल सोडून खुंटाळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"नमस्कार, थर्झा. इथेच आहे मी."

कागद घेऊन त्यांनी कपाटातून बाईंच्या मतदार नोंदणीचं जुनं कार्ड काढलं. दोन्ही शेजारी ठेवली. कार्डावरची सही बारीक, मोत्यांच्या ओळीसारखी. कागदावरची रानातल्या कुंपणासारखी. भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू येत होतं.

"या कार्डावरच्या सहीसारखी नाही ही."

"आर्डिथ, त्या कार्डाला अडतीस वर्षं झाली. मी तरी कुठे तशी राहिलेय?"

आर्डिथबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शाळेतल्यासारखं एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. "नाव यादीप्रमाणे आहे. वाचता येतं. पुढच्याचं काही झाकत नाही." शिक्का उमटला. तीन सत्तावन्न. "विषय क्रमांक एकतीस. छापायला जाईल."

थर्झाबाईंनी मान हलवली. माझ्या बर्फाने भिजलेल्या पायांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आता परत जायचंय.

बाहेर आलो तर गावाची बर्फगाडी पुन्हा एकदा येऊन गेली होती. गल्लीच्या तोंडाशी आता भिंत डोक्याएवढी झाली होती आणि या वेळी ती वरून पार होण्यातली नव्हती. मिस्टर डॉर कुठूनतरी दोन फावडी घेऊन आले. आम्ही सुरुवात केली तोच मागून बुटांचा आवाज आला. आर्डिथबाई. कचेरीचं दार कुलूपबंद, हातात कचेरीचं फावडं.

"चार वाजून गेलेत," त्या म्हणाल्या. "आत्ता मी गावकारकून नाही. हे लक्षात ठेवा, याचा अर्जाशी काही संबंध नाही." आणि त्यांनी पहिलाच घाव असा घातला की अ‍ॅडी बाजूला झाली.

अर्धा तास फावडी चालली. मी पाठ सरळ करायला म्हणून, अगदी नावापुरता, फावड्याच्या दांड्यावर टेकलो. घसरगाडीवरून, गोधडीच्या आतून, आवाज आला.

"आर्डिथचं चाललंय, डॉरचं चाललंय, अ‍ॅडीचं चाललंय. विन्स्लो, तुझं थांबलंय."